पक्षाघातानंतर एक बाजू दिसेनाशी झाली तर

वडिलांच्या ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते आणि ते डाव्या चौकटीला धडकतात, असे आपण सांगता. केवळ चष्मा बदलून हे सुटणार नाही, कारण अशा वेळी बिघाड बहुधा डोळ्यांत नसून मेंदूत असतो आणि म्हणूनच दोन्ही डोळ्यांची एकच बाजू हरपते. नेत्रतज्ज्ञांकडून दृष्टिक्षेत्राची तपासणी, म्हणजे पेरिमेट्री, आधी करून घ्यावी. ती बाजू दिसत नाही की तिकडे लक्षच जात नाही, हे डॉक्टरांना आवर्जून विचारावे: पहिल्या प्रकारात रुग्णाला बहुधा उणीव उमगते आणि मान वळवून पाहण्याची सवय लावता येते, दुसऱ्यात मात्र आपले काही चुकते आहे हेच त्याला पटत नाही (घरच्यांची खरी कसोटी तिथे लागते). वाचताना डाव्या समासाशी लाल पट्टी ठेवून, ती दिसेपर्यंत नजर मागे नेण्यास सांगावे. डॉक्टरांच्या परवानगीवाचून गाडी हाती देऊ नये. दृष्टी पुन्हा अचानक अंधारली, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे.