अंशतः भरलेला लॅटिन चौरस केव्हा पूर्ण होतो?

न क्रमाचा लॅटिन चौरस म्हणजे न ओळी व न स्तंभांचा असा तक्ता, ज्यात १ ते न ही चिन्हे प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक स्तंभात एकेकदाच येतात. समजा, आपण ७ क्रमाच्या चौरसाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात ४ ओळी आणि ५ स्तंभांचा आयत भरला आहे. त्यात कुठेही पुनरावृत्ती नाही, ६ हे चिन्ह एकदाच आले आहे, आणि तरीही चौरस पूर्ण होत नाही. याचे कारण त्या एकट्या ६ मध्ये आहे. वरच्या चारही ओळींत ६ यायलाच हवा. आयताबाहेर दोनच स्तंभ उरतात, म्हणजे तेथे तो फार तर दोनदा बसेल. उरलेले दोन आयतातच हवेत.

रायसर यांचे १९५१ चे प्रमेय हेच व्यापक रूपात सांगते. न क्रमाच्या चौरसात र ओळी व स स्तंभांचा आयत भरलेला असेल, तर तो पूर्ण होण्यासाठी प्रत्येक चिन्ह आयतात किमान र + स − न वेळा आलेले असणे आवश्यक आहे आणि पुरेसेही आहे. आवश्यकता वरच्या मोजणीतून लगेच दिसते. खरे बळ पुरेसेपणात आहे. स = न घेतले की अट आपोआप पाळली जाते, आणि मार्शल हॉल यांचे १९४५ चे प्रमेय मिळते: पूर्ण ओळी भरलेल्या असतील, तर पुढच्या ओळी नेहमीच भरता येतात. त्याची सिद्धता १९३५ च्या विवाह प्रमेयावर (दोन गटांतील घटकांच्या जोड्या केव्हा जुळवता येतात, हे सांगणाऱ्या प्रमेयावर) उभी आहे, पण ते प्रमेय फिलिप हॉल यांचे. या दोन हॉलांची गल्लत वारंवार होते.

भरलेली घरे विखुरलेली असतील, तर मात्र आयताची ही अट लावता येत नाही. तेथे इव्हान्स यांनी १९६० मध्ये मांडलेला अंदाज उपयोगी पडतो: फार तर न − १ घरे भरलेली असतील, तर चौरस पूर्ण होतोच. स्मेटानियुक यांनी १९८१ मध्ये, तसेच अँडरसन आणि हिल्टन यांनी स्वतंत्रपणे, तो सिद्ध केला. ही मर्यादा एकानेही वाढवता येत नाही. पहिल्या ओळीत १ ते न − १ ओळीने लिहा आणि न हे चिन्ह शेवटच्या स्तंभात दुसऱ्या ओळीत ठेवा. पहिल्या ओळीच्या शेवटच्या घरात लिहायला काहीच उरत नाही.

कोणत्याही मांडणीला लागू पडेल अशी सोपी, झटपट तपासता येणारी अट मिळण्याची आशा मी तरी धरणार नाही, कारण दिलेला चौरस पूर्ण होतो की नाही हे ठरवणे एनपी-पूर्ण आहे (म्हणजे ज्यांच्यासाठी कोणतीही जलद पद्धत माहीत नाही, अशा अवघड प्रश्नांपैकी आहे), असे कोलबर्न यांनी १९८४ मध्ये दाखवले. म्हणून प्रश्न भरलेल्या भागाच्या आकाराला धरूनच विचारावा. घरे विरळ पसरलेली असतील, तर डेकिन आणि हॅगक्विस्ट यांचा अंदाज पाहावा: प्रत्येक ओळीत व प्रत्येक स्तंभात भरलेली घरे न च्या एक चतुर्थांशाहून अधिक नसतील आणि प्रत्येक चिन्हही त्याहून अधिक वेळा आलेले नसेल, तर पूर्तता शक्य असावी. एक चतुर्थांशाहून बऱ्याच लहान मर्यादांसाठी अशी प्रमेये सिद्ध झाली आहेत.

आपल्या आयतात आणखी एका घरी ६ आणता आला, तर इतर सहा चिन्हेही किमान दोनदा आली आहेत ना, एवढेच पाहावे लागेल.