क्रूझवर पोकर खेळण्यासाठी एफडी मोडू का?

ठाण्याहून एका वाचकांनी विचारलं आहे. वय ३८, सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, पत्नी घरी, मुलगी सातवीत. हातात येणारा पगार १ लाख ४५ हजार. त्यातून गृहकर्जाचा हप्ता ४८ हजार, घरखर्च ६५ हजार आणि एसआयपी १५ हजार जाते. अडीअडचणीसाठी ५ लाखांची एफडी आहे. तीन वर्षं ते एका ॲपवर पैसे लावून पोकर खेळत होते. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा आला, ॲपवरचे पैशांचे डाव बंद झाले आणि खात्यातले १ लाख ८० हजार त्यांनी काढून घेतले. आता तीन मित्रांबरोबर सिंगापूरहून निघणाऱ्या चार रात्रींच्या क्रूझचं बुकिंग झालं आहे. विमान, व्हिसा, केबिन धरून ९५ हजार भरूनही झाले. जहाजावरच्या कॅसिनोत खेळायला त्यांना ४ लाख न्यायचे आहेत: हे १ लाख ८० हजार, आणि एफडीतले २ लाख २० हजार. ते लिहितात, ‘पोकर हा कौशल्याचा खेळ आहे, तीन वर्षांत मी त्यात कमावलं आहे. नीट खेळलो तर सहलीचा खर्च निघेल, आणि कॅसिनोच्या पॉइंटांवर पुढची क्रूझ फुकट मिळेल. हे गुंतवणुकीसारखं बघणं चूक आहे का? आणि पत्नीला क्रूझचं माहीत आहे, रकमेचं नाही.’

नमस्कार. क्रूझला जरूर जा. ते पैसे तुम्ही पगारातून बाजूला काढून भरले आहेत आणि मित्रांबरोबर चार दिवस समुद्रावर घालवायला कुणाची परवानगी लागत नाही. पण एफडीला हात लावू नका, आणि ४ लाख तर मुळीच नेऊ नका. का, ते सविस्तर सांगतो. कारण ‘जुगार वाईट’ एवढ्यावर तुमचं समाधान होणार नाही, आणि व्हायलाही नको. तुम्ही हिशेब मांडून प्रश्न विचारला आहे, उत्तरही हिशेबातच द्यायला हवं.

सुरुवात ‘तीन वर्षांत कमावलं’ इथून करू. तुम्ही बँकेच्या स्टेटमेंटमधल्या ॲपच्या नोंदी सोबत पाठवल्यात, हे फार चांगलं केलंत. मी त्यांची बेरीज केली. तीन वर्षांत ॲपवर गेले ६ लाख १० हजार. परत आले, शेवटचे १ लाख ८० हजार धरून, ५ लाख ३५ हजार. जिंकलेल्या रकमेतून आधीच कापला गेलेला २२ हजारांचा कर, म्हणजे टीडीएस, तुमच्या बाजूला जमेस धरला तरी ५३ हजारांचा तोटा आहे. शेवटी मोठी रक्कम एकदम हातात आली आणि आधी पाच-पाच, दहा-दहा हजारांनी गेलेले पैसे विस्मरणात गेले. बहुतेक खेळणाऱ्यांचं असंच होतं, त्यात तुमच्या बुद्धीला काही कमीपणा नाही. पण ‘हा पोकरचाच पैसा आहे, गेला तर पोकरमध्येच जाईल’ हे तुमचं वाक्य त्यामुळे टिकत नाही. ते १ लाख ८० हजार तुमच्या पगाराचे आहेत, वाट वाकडी करून परत आलेले.

आता जहाजावरचा खेळ. पोकरमध्ये कौशल्य आहे, हे मलाही मान्य. माणसं एकमेकांविरुद्ध खेळतात आणि चांगला खेळाडू लांब पल्ल्यात कमकुवत खेळाडूकडून पैसे काढतो. पण क्रूझच्या कॅसिनोत ‘पोकर’ अशी पाटी असलेली बरीच टेबलं या प्रकारची नसतात. थ्री कार्ड पोकर, कॅरिबियन स्टड, लेट इट राइड या सगळ्यांत समोर कॅसिनो असतो. कितीही विचार करून खेळलात तरी थ्री कार्ड पोकरच्या मूळ पैजेवर कॅसिनोचा वाटा साडेतीन टक्क्यांच्या आसपास आणि कॅरिबियन स्टडमध्ये पाच टक्क्यांच्या वर राहतो. दोन शून्यांच्या रुलेटमध्ये, म्हणजे निव्वळ नशिबावर चालणाऱ्या फिरत्या चाकाच्या खेळात, तो ५.२६ टक्के असतो, म्हणजे कॅरिबियन स्टडमधलं तुमचं कौशल्य जवळपास रुलेटच्याच रांगेत जाऊन बसतं. म्हणून आधी क्रूझ कंपनीला विचारा की त्या जहाजावर खेळाडू विरुद्ध खेळाडू असं टेबल आहे का आणि ते किती वाजता भरतं. सगळ्या जहाजांवर ते नसतं. काही ठिकाणी पत्ते वाटणारा डीलरच नसतो, इलेक्ट्रॉनिक टेबल असतं. जहाज बंदरात असताना कॅसिनो सहसा बंदच असतो, कारण तिथे त्या देशाचा कायदा लागू होतो. त्यामुळे चार रात्रींत खेळायला मिळणारे तास तुम्ही धरलेत त्याहून कमी भरतील.

तरी धरून चालू की टेबल आहे, तुम्ही म्हणता तसे २-५ डॉलरचे ब्लाइंड (पत्ते बघण्याआधी दोन खेळाडूंनी लावायच्या सक्तीच्या पैजा, छोटी २ ची, मोठी ५ ची) आहेत आणि रोज पाच तास मिळतात. एकूण २० तास. हाताने पत्ते वाटले तर तासाला साधारण २५ डाव होतात, म्हणजे ५०० डाव. प्रत्येक पॉटमधून, म्हणजे डावात जमलेल्या पैशांतून, कॅसिनो आपला हिस्सा काढतो, त्याला रेक म्हणतात. क्रूझवर तो अनेकदा पॉटच्या १० टक्के असतो आणि वरची मर्यादाही जमिनीवरच्या पोकर रूमपेक्षा सैल असते, कारण प्रवाशाला उठून दुसरीकडे जाता येत नाही. सरासरी एका डावाला ५ डॉलर रेक धरा. तासाला १२५ डॉलर टेबलावरून उठतात आणि नऊ जणांत वाटले तर तुमच्या वाट्याला १४ डॉलर येतात. २० तासांचे २८० डॉलर. हिशेबाच्या सोयीसाठी डॉलर ९० रुपये धरतो: २५ हजार रुपये. हे पत्ते चांगले येवोत की वाईट, द्यायचेच आहेत.

एवढा रेक भरूनही तुम्ही शंभर डावांमागे ५ मोठे ब्लाइंड कमावता, असं मी तुमच्या बाजूने धरतो. हे चांगल्या खेळाडूचं प्रमाण आहे. ५०० डावांत २५ मोठे ब्लाइंड झाले, म्हणजे १२५ डॉलर, सव्वाअकरा हजार रुपये. तुम्हाला सहलीचे ९५ हजार काढायचे होते. दुसऱ्या बाजूला, एवढ्या डावांत निव्वळ पत्त्यांच्या येण्या-जाण्याने होणारा चढउतार २०० मोठ्या ब्लाइंडांच्या घरात जातो. म्हणजे हजार डॉलर, ९० हजार रुपये, वर किंवा खाली. सरस खेळाडूसुद्धा अशा शंभर क्रूझ करील तर पंचेचाळीस वेळा तोट्यात उतरेल. कौशल्य दिसायला हजारो डाव लागतात. चार रात्रींत ते दिसत नाही, आणि म्हणून याला गुंतवणूक म्हणता येत नाही. गुंतवणुकीत वेळ तुमच्या बाजूने काम करतो, इथे तो मिळणारच नाही.

जहाजावर कुणीतरी दहा लाख डॉलर जिंकल्याचंही तुम्ही लिहिलंत. ते खरं आहे. २००२ मध्ये ‘पार्टीपोकर मिलियन’ ही स्पर्धा क्रूझवर झाली आणि कॅथी लीबर्ट यांनी ती जिंकली. पण ती मुद्दाम भरवलेली मोठी स्पर्धा होती. सुट्टीवर निघालेल्या जहाजाच्या कॅसिनोतलं कोपऱ्यातलं टेबल त्यासारखं नसतं.

करांचा मुद्दा तुमच्या पत्रात आलाच नाही, आणि तोच सगळ्यात महाग पडणारा आहे. तुम्ही निवासी भारतीय आहात, त्यामुळे समुद्रात जिंकलेले पैसेही इथल्या विवरणपत्रात दाखवायचे असतात. पत्त्यांच्या खेळातल्या जिंकलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, मिळून ३१.२ टक्के. १९६१ च्या कायद्यातलं हे कलम ११५बीबी. २०२५ च्या नव्या आयकर कायद्यात कलमाचा क्रमांक बदलला, दर तोच राहिला. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, असा फरक हे कलम करत नाही. या उत्पन्नातून खर्चाची वजावट नाही आणि हरलेल्या पैशांची त्यातून वजाबाकीही नाही. ॲपवर खेळत होता तेव्हा कर वर्षभराच्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर लागायचा, आधी भरलेले पैसे वजा होऊन. ती सवलत ऑनलाइन खेळांच्या वेगळ्या कलमामुळे होती. जहाजावरच्या टेबलाला ती नाही.

समजा तुम्ही १५० डॉलरच्या चार छोट्या स्पर्धा खेळलात. ६०० डॉलर गेले. तीन हरलात, एकीत ८०० मिळाले. तुम्हाला वाटेल २०० डॉलर सुटले. कर मात्र ८०० वर, साधारण २५० डॉलर. जिंकूनही ५० डॉलर खिशातून. रोख टेबलावरच्या एकेका बैठकीचा हिशेब कसा धरायचा यावर मतं वेगवेगळी आहेत, तेव्हा काही जिंकलात तर विवरणपत्र भरण्याआधी तुमच्या सीएंशी बोला आणि प्रत्येक बैठकीची नोंद तारखेसकट ठेवा. परदेशी कंपनी भारतातला टीडीएस कापत नाही, त्यामुळे कर आपणहून भरायची जबाबदारी तुमची.

पैसे नेण्याचंही बघा. परदेशी जाताना चलनी नोटा साधारणपणे ३ हजार अमेरिकी डॉलरपर्यंतच नेता येतात. तुमचे ४ लाख म्हणजे जवळपास ४,४०० डॉलर. उरलेले कार्डावर न्यावे लागतील. पण फेमाच्या, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याच्या, नियमांत लॉटरीची तिकिटं, स्वीपस्टेक्स (बक्षिसांच्या सोडती) ‘इत्यादी’साठी परकीय चलन पाठवायला मनाई आहे, आणि आंतरराष्ट्रीय कार्डालाही ती लागू होते. कॅसिनोचा शब्द त्या यादीत नसला तरी त्या ‘इत्यादी’वर भरवसा ठेवून मी कुणालाही कार्ड वापरायला सांगणार नाही. जहाजाच्या खात्यावर चिप्स (पैशांऐवजी खेळायच्या चकत्या) घेतल्या की अनेक कंपन्या ३ ते ५ टक्के शुल्क लावतात. वर तुमच्या क्रेडिट कार्डाचं परकीय चलनाचं शुल्क आणि त्यावरचा जीएसटी आहेच. पहिला पत्ता पडण्याआधीच रकमेचा दहावा-बारावा हिस्सा असा जाऊ शकतो.

फुकट क्रूझचं उदाहरण रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीच्या ‘क्लब रॉयल’ या कॅसिनो पॉइंटांच्या योजनेवरून देतो. स्लॉट मशीनवर फिरवलेल्या दर ५ डॉलरला १ पॉइंट, आणि पहिल्या वरच्या पायरीला २,५०० पॉइंट. म्हणजे १२,५०० डॉलर यंत्रातून फिरायला हवेत. यंत्राने ८ टक्के ठेवले असं धरा, तर हजार डॉलर गेले, म्हणजे ९० हजार रुपये. तुमची आत्ताची क्रूझ विमानभाड्यासकट ९५ हजारांत झाली. शिवाय ‘फुकट’ केबिनवरही बंदरांचे कर आणि टिपा द्याव्याच लागतात, सिंगापूरपर्यंतचं विमान तुमचंच.

मित्र म्हणतात तसं त्याऐवजी गोव्यात मांडवी नदीवरच्या कॅसिनोत जाऊ, तर तिथे चिप्स घेताना भरलेल्या रकमेवर जीएसटी आहे: १ ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. तो पर्याय आणखी महाग.

एफडीकडे वळतो, कारण मला खरी काळजी तिची आहे. हप्ता आणि घरखर्च मिळून महिन्याला १ लाख १३ हजार लागतात. ५ लाखांत जेमतेम साडेचार महिने निघतात. एकट्याचा पगार आणि सध्याची आयटीतली कपात बघता मला ते सहा महिने हवे आहेत. २ लाख २० हजार काढलेत तर अडीच महिन्यांवर याल, आणि सगळं वजा जाता महिन्याला शिल्लक राहणाऱ्या १७ हजारांतून ते भरून यायला तेरा महिने लागतील. त्या तेरा महिन्यांत नोकरीचं काही झालं तर पहिला फटका हप्त्याला बसेल. तुम्ही उलट करा. ॲपवरून आलेल्या १ लाख ८० हजारांपैकी १ लाख ४५ हजार या अडीअडचणीच्या पैशांत भर म्हणून टाका, ते सहा महिन्यांच्या जवळ पोचतील. उरलेले ३५ हजार, म्हणजे तुमच्या दोन महिन्यांच्या शिलकीएवढे, क्रूझवर खेळायला ठेवा. साधारण ३९० डॉलर होतात. ते नोटांमध्ये न्या, चार पाकिटं करा, एका रात्रीला एक. ९५ डॉलरमध्ये १-२ डॉलर ब्लाइंडच्या टेबलावर बसता येत असेल तर बसा, टेबल महाग असेल तर त्या रात्री बघत बसा. पाकीट संपलं की उठा आणि जहाजाच्या खात्यावरून चिप्स घेण्याची सोय पहिल्याच दिवशी काउंटरवर सांगून बंद करून घ्या. हे ३५ हजार परत येणार नाहीत असं धरूनच घरून निघा.

घरी मात्र निघण्याआधी सांगा. फक्त ३५ हजारांचं सांगून भागणार नाही, त्या ६ लाख १० हजारांचंही सांगा. स्टेटमेंट तयार आहे, एका संध्याकाळी दोघं मिळून बघा. एफडी तुमच्या एकट्याच्या नावावर असली तरी ती तिघांची आहे, आणि पुढे कधी मोडावी लागली तर तो निर्णय दोघांनी घ्यायचा असतो. बोलताना तुम्हाला जड जात असेल, किंवा ॲप बंद झाल्यापासून खेळाशिवाय चैन पडत नाही असं वाटत असेल, तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतून बोलता येतं, पैसे लागत नाहीत. हे मी तुम्हाला व्यसनी समजून लिहीत नाही. तीन वर्षं, न सांगितलेली रक्कम आणि ‘या वेळी भरून निघेल’ हा विश्वास, या तिन्ही गोष्टी एका पत्रात आल्या की मी प्रत्येकाला हा क्रमांक देतो.

१ लाख ४५ हजार वेगळ्या एफडीत ठेवा, जुनीत मिसळू नका, म्हणजे गरज पडली तर छोटीच मोडता येईल. मुदत एक वर्षाची पुरे. पत्नीचं नाव दोन्हींवर नॉमिनी म्हणून आहे का, तेही त्याच फेरीत बँकेत तपासून घ्या.