वरिष्ठांना ‘सगळे येते’, तेव्हा नवख्या तंत्रज्ञाने काय करावे?

गुहागर तालुक्यातील एका विद्यार्थिनीचे पत्र आले आहे. इलेक्ट्रिकलची पदविका पूर्ण करून ती गेले काही महिने घरगुती वायरिंग आणि छतावरील सोलरची कामे करणाऱ्या एका लहान व्यवसायात काम करते. तिथले वरिष्ठ वायरमन वर्षानुवर्षे वायरिंगचे काम करत आले आहेत आणि सोलर हा त्याचाच एक भाग आहे, असे ते मानतात. एका घरी विहिरीच्या पंपाची आणि सोलरची अर्थिंग, म्हणजे जमिनीशी जोडणी, करताना तिने रोध मोजण्याचा आग्रह धरला. तेव्हा ते ग्राहकासमोरच म्हणाले, “मीठ-कोळसा घातलाय, एमसीबी टाकलाय, शॉक लागायचा प्रश्नच नाही. पुस्तकातलं इथे चालत नाही.” त्याच घरी मुंबईहून आलेल्या एका नातेवाइकाने, लाइट गेली तरी सोलर चालूच राहते, असे ठामपणे सांगितले आणि वरिष्ठांनी त्यालाही मान डोलावली. वडील तिला सांगतात की मोठ्या माणसांना उलट बोलू नये. अशा लोकांशी कसे वागावे, गप्प राहावे का आणि नोकरी सोडावी का, असे तिचे प्रश्न आहेत. शिवाय तिने लिहिले आहे, “त्यांना काहीच येत नाही आणि मला हे सगळे शिकवलेले आहे.”

नमस्कार.

तुमचे पत्र मी पुन्हा पुन्हा वाचले, कारण त्यात अपमानाचे दुःख आणि एका कुटुंबाच्या जिवाची काळजी या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. आधी काळजीविषयी लिहितो, कारण ती खरी आहे.

एमसीबी, म्हणजे करंट फार वाढला की आपोआप पडणारा स्विच, असला की शॉक लागत नाही, ही समजूत आपल्या गावोगावी आहे आणि ती धोक्याची आहे. तुमच्या ग्राहकाच्या अर्थिंगचा रोध 25 ओहम आहे असे धरू. कोकणातील जांभ्याच्या कातळात, विशेषतः वैशाखात, तो याहून कितीतरी जास्त असू शकतो. पंपाच्या बॉडीला फेज, म्हणजे जिवंत तार, लागला तर 230 व्होल्टला या रोधातून सुमारे 9 अँपिअर करंट जाईल, आणि ट्रान्सफॉर्मरकडचा रोध जमेस धरला तर त्याहूनही कमी. 16 अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने हा नेहमीचाच भार आहे, त्यामुळे तो पडणार नाही. पंपाची बॉडी जिवंत राहील आणि विहिरीच्या ओल्या कट्ट्यावर अनवाणी उभा असलेला माणूस तिला हात लावील. या माणसाला वाचवणारे उपकरण म्हणजे 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट यांच्यातील फरक तो पाहतो, म्हणून अर्थिंग मध्यम दर्जाची असली तरी तो पडतो. मात्र आरसीसीबी बसवला म्हणून अर्थिंग मोजायची गरज संपली, असेही समजू नका. सोलरची पॅनेलकडची डीसी बाजू आणि आकाशातील वीज जमिनीत उतरवणारा वीजरोधक यांच्यासाठी स्वतंत्र अर्थिंग करतात, आणि तिथे एसी बाजूचा आरसीसीबी काहीच करू शकत नाही.

तेव्हा मुद्द्यावर तुम्ही बरोबर होता, पण म्हणून तुमच्या वरिष्ठांना ‘काहीच येत नाही’ असे ठरत नाही. मीठ-कोळशाचा खड्डा हा अर्थिंगचा जुना आणि मान्य प्रकार आहे आणि आयएस 3043 या अर्थिंगच्या भारतीय मानकाच्या परंपरेत त्याला जागा आहे. अडचण इतकीच की जांभा सच्छिद्र असल्यामुळे आपल्या पावसात मीठ दोन-चार हंगामांत वाहून जाते, तेच मीठ जमिनीत पुरलेला लोखंडी इलेक्ट्रोड खाते आणि वरून सगळे जसेच्या तसे दिसत राहते. त्यांनी अर्थिंग केलेल्या दिवशी ती चांगलीच असणार. पाच वर्षांनी त्या खड्ड्याचे काय झाले, हे त्यांना कोणी परत बोलावून दाखवलेले नाही. आपल्या कामाचा उशिरा येणारा परिणाम ज्याला कधी दिसत नाही, त्याचा आत्मविश्वास वर्षांबरोबर वाढत जातो. मला यात अहंकारापेक्षा हे कारण मोठे वाटते.

या विषयावर मानसशास्त्रात एक गाजलेला अभ्यास आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील जस्टिन क्रूगर आणि डेव्हिड डनिंग यांनी 1999 मध्ये तो प्रसिद्ध केला. तर्क, व्याकरण अशा चाचण्यांत सर्वांत खालच्या पाव गटात आलेल्या विद्यार्थ्यांचे गुण सरासरी 12 व्या पर्सेंटाइलवर, म्हणजे शंभरांत जेमतेम 12 जणांच्या पुढे, होते, पण त्यांचा स्वतःविषयीचा अंदाज 62 च्या आसपास होता. या फरकातील काही भाग आकडेमोडीच्या पद्धतीतून येतो, असा आक्षेप पुढे संख्याशास्त्रज्ञांनी घेतला आणि त्यावर वाद चालू आहे. त्या अभ्यासातील एक बाब मात्र फार कमी सांगितली जाते. तर्कशास्त्राचे थोडे प्रशिक्षण दिल्यावर त्याच विद्यार्थ्यांना आपल्या चुका ओळखता येऊ लागल्या आणि त्यांचा स्वतःविषयीचा अंदाज खाली आला. कोणी कमी जाणतो असे त्याला सांगून तो अंदाज उतरत नाही, विषय थोडा कळला की आपोआप उतरतो. तेव्हा या अभ्यासाचे नाव वरिष्ठांवर शिक्का मारण्यासाठी वापरू नका.

तुमच्या उपयोगाचे दुसरे संशोधन येल विद्यापीठातील लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक कील यांचे आहे. ते 2002 मध्ये प्रसिद्ध झाले. झिप, कुलूप, शिवणयंत्र, शौचालयाचा फ्लश अशा रोजच्या वस्तू आपल्याला किती समजतात, याचे गुण लोकांनी आधी स्वतःला दिले. मग ती वस्तू नेमकी कशी चालते, हे त्यांना टप्प्याटप्प्याने लिहायला सांगितले. लिहून झाल्यावर त्यांनी स्वतःला पुन्हा दिलेले गुण कमी झाले, आणि तेही समोरच्याने एका शब्दाने विरोध केलेला नसताना.

आता हे तुमच्या कामावर कसे आणायचे, ते सांगतो. ‘तुम्ही चुकताय’ या वाक्याला वरिष्ठांकडे एकच उत्तर उरते आणि ते तुम्हाला ग्राहकासमोर मिळाले आहे. त्याऐवजी काम सुरू होण्यापूर्वी, गाडीत साहित्य भरताना किंवा चहाच्या वेळी, दोघेच असताना विचारा, “दादा, पंपाच्या बॉडीला फेज लागला तर करंट कुठल्या वाटेने परत जाईल आणि साधारण किती जाईल? मला जरा कागदावर काढून दाखवाल का?” हा प्रश्न खरोखर शिकण्यासाठी विचारा. तो परीक्षा घेण्यासाठी विचारला आहे, हे माणसाला आवाजावरून लगेच कळते. ते आकृती काढू लागले तर 9 अँपिअर आणि 16 अँपिअर हे दोन आकडे कागदावर एकमेकांसमोर येतील आणि पुढचे कोणालाच बोलावे लागणार नाही. त्यांनी प्रश्न टाळला, तर मालकांना एवढेच सांगा की पुढच्या कामावर अर्थिंगचा रोध मोजणारा अर्थ टेस्टर घेऊन जाऊ आणि रीडिंग ग्राहकाच्या फाइलमध्ये लावू, म्हणजे उद्या तक्रार आली तर आपल्याकडे कागद असेल. आपले नाव आणि पैसा वाचवणारी सूचना लहान व्यावसायिक सहसा नाकारत नाही.

मोजमाप कधी करता, हेही महत्त्वाचे आहे. आषाढात जांभा भिजलेला असतो, तेव्हा रोध कमी दिसतो आणि सगळे समाधानी होतात. तीच जागा आगोटीच्या आधी, जमीन कोरडी ठाक असताना मोजली तर आकडा कितीतरी वर गेलेला असतो. खरे रीडिंग त्या दिवसांतले.

इथे तुम्हाला एक प्रश्न विचारावासा वाटतो. उघड्या कातळावर, जिथे टेस्टरचे खिळे इंचभरही जमिनीत जात नाहीत, तिथे तुम्ही स्वतः मोजमाप केले आहे का? खिळे ओल्या गोणपाटावर आडवे ठेवून, भोवती पाणी ओतून ते करता येते, पण वर्गात ते कोणी करून घेत नाही. खळ्याच्या कुठल्या कोपऱ्याखाली माती आहे आणि कुठे हातभर खाली अखंड कातळ आहे, हे तुमच्या वरिष्ठांना जमीन पाहून सांगता येत असेल. न्हाणीचे पाणी ज्या माडाच्या आळ्यात जाते, तिथे खड्डा घ्यावा म्हणजे उन्हाळ्यातही ओल टिकते, हे आपल्याकडचे जुने वायरमन जाणतात, आणि भौतिकशास्त्राच्या दृष्टीने ते पूर्ण बरोबर आहे. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या आसपास किनाऱ्यावर आले आणि दापोली-मंडणगड भागातील अनेक वाड्या कित्येक दिवस अंधारात राहिल्या. त्या काळात छप्पर उडालेल्या घरांत वायरिंग पुन्हा उभे करणारे असेच लोक होते. तेव्हा ‘मला सगळे शिकवलेले आहे’ हे तुमचे वाक्य आणि ‘पुस्तकातलं इथे चालत नाही’ हे त्यांचे वाक्य शेजारी शेजारी ठेवून पाहा. तुम्हाला दुखवण्यासाठी मी हे लिहीत नाही. आपल्याला सगळे येते असे मानण्याचा स्वभाव पंचविशीच्या आत सुधारला तर आयुष्यभर उपयोगी पडतो. आपल्याला काय येते, काय फक्त वाचले आहे आणि काय हाताने केलेले आहे, अशा तीन याद्या वहीत करा आणि दर काही महिन्यांनी त्या तपासा.

ग्राहकाच्या नातेवाइकाची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्याबरोबर तुम्हाला रोज काम करायचे नाही, पण त्यांच्या समजुतीमुळे ग्राहकाचे पैसे चुकीच्या जागी जाऊ शकतात. ऑन-ग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या तारांना जोडलेले, सोलर लाइट गेल्यावर बंद होते आणि ते तसेच व्हायला हवे. नाहीतर खांबावर दुरुस्तीला चढलेल्या वायरमनच्या तारेत आपल्या छतावरून वीज जाईल. पावसाळ्यात आपल्याकडे वीज किती वेळा जाते, हे पाहता बॅकअप हवा असेल तर बॅटरी असलेली हायब्रीड यंत्रणा लागते आणि तिचा खर्च वेगळा असतो. तसेच 3 किलोवॅटची यंत्रणा म्हणजे दिवसभर 3 किलोवॅट नव्हे. वर्षाच्या सरासरीने एका किलोवॅटमागे दिवसाला साधारण 4 युनिट धरतात आणि आपल्या मुसळधार महिन्यांत ते बरेच कमी मिळतात. प्रधानमंत्री सूर्य घर योजनेतील 78,000 रुपयांच्या अनुदानाचा आकडा सगळ्यांना पाठ असतो, ही माहिती मात्र कोणी देत नाही. ती चार ओळींत मराठीत छापून कोटेशनसोबत द्यावी, असे मालकांना सुचवा. पाहुण्यांशी पडवीत वाद घालण्यापेक्षा तो कागद घरधन्याच्या हाती पडणे जास्त उपयोगी आहे. घरी जाणते म्हणून मान असलेल्या माणसाला चारचौघांत खोटे पाडले, तर घरधनी त्यांचीच बाजू घेईल, आणि आपल्याकडच्या रीतीप्रमाणे ते स्वाभाविकही आहे.

मात्र एक मर्यादा स्पष्ट लिहून ठेवतो, कारण इथे मोठ्यांचा मान हा मुद्दा लागू होत नाही. न मोजलेले रीडिंग अहवालात भरायला सांगितले तर भरू नका आणि त्यावर सही करू नका. आवाज न चढवता म्हणा, “मी मोजलेले नाही, म्हणून लिहिणार नाही. टेस्टर द्या, आत्ता मोजते.” आरसीसीबी वारंवार पडतो म्हणून तो काढून तारा थेट जोडायला सांगितले, तरी उत्तर असेच द्या. तो पडत असेल तर कुठेतरी गळती आहे, ती शोधणे हे आपले काम आहे. त्यासाठी ग्राहकासमोर बोलावे लागले तरी बोला. वडिलांचे सांगणे मायेपोटी आहे आणि मोठ्यांशी बोलण्याच्या रीतीबद्दल त्यांचे म्हणणे मला मान्य आहे, पण या एका बाबतीत गप्प राहण्याचा सल्ला मी देणार नाही. त्यांना हे पत्र जरूर वाचायला द्या. त्यांनी मालकांना फोन करू नये, अशी माझी विनंती आहे. तसे केल्यास तिथे सगळे तुमच्याकडे तंत्रज्ञ म्हणून न पाहता कोणाची तरी मुलगी म्हणून पाहू लागतील.

नोकरी आज सोडू नका. एखादा हंगाम पाहा आणि तुमचे म्हणणे कोणी मान्य केले का, यापेक्षा कामात काय बदलले ते बघा. टेस्टर गाडीत येऊ लागला का, नव्या प्रत्येक घरी आरसीसीबी बसतो का, समुद्राजवळच्या छतांवर साध्या लोखंडी बोल्टऐवजी खाऱ्या हवेत टिकणारे 316 दर्जाचे स्टेनलेस स्टील येऊ लागले का, एवढे पुरे. वरिष्ठांनी तोंडाने कबूल केले नाही तरी चालेल. पुष्कळ माणसे मत बदलतात, पण ते बोलून दाखवत नाहीत, आणि त्यांना बोलायला लावण्याचा हट्ट धरला तर बदललेलेही मत फिरते.

काही बदलले नाही किंवा खोटे रीडिंग भरण्याचा आग्रह सुरूच राहिला, तर मात्र बाहेर पडा. पदविकाधारकांसाठी शिकाऊ उमेदवारी अधिनियम 1961 खाली एक वर्षाची अप्रेंटिसशिप असते. केंद्र सरकारच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या ‘सूर्यमित्र’ या सोलर तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणाचीही चौकशी करा. सगळ्यांत आधी राज्याच्या विद्युत पर्यवेक्षक परवान्याची तयारी सुरू करा, कारण वीज-सुरक्षेच्या नियमांनुसार उभारणीचे काम परवानाधारक ठेकेदाराकडून आणि सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीच्या देखरेखीखाली व्हावे लागते. तो परवाना हाती आला की मोजमापाचा आग्रह हा तुमच्या जबाबदारीचा भाग होईल आणि त्यासाठी कोणाची परवानगी मागावी लागणार नाही. परवान्यासाठी अनुभव दाखवावा लागतो. पात्रतेचे सध्याचे नियम अर्ज करण्यापूर्वी पाहून घ्या आणि आजपासून प्रत्येक कामाची तारीख, गाव, यंत्रणेची क्षमता आणि तुम्ही स्वतः घेतलेले रीडिंग वहीत लिहीत जा. नोकरी सोडायची वेळ आलीच, तर मालकांशी संबंध चांगले असतानाच तारखांसह अनुभवपत्र मागून घ्या.