‘पॉलिफनी’ला वृंदगान म्हणावे का?

मध्ययुगीन युरोपातील संगीतावरील एका लेखाचा अनुवाद करताना ‘पॉलिफनी’साठी ‘वृंदगान’ आणि ‘मोटेट’ या गीतप्रकारासाठी ‘भक्तिगीत’ हे शब्द चालतील का, असे एका अनुवादकाने विचारले आहे. माझ्या मते दोन्ही शब्द टाळावेत.

किती जण गात आहेत, ते ‘वृंदगान’ सांगते. एका वेळी किती चाली चालू आहेत, ते ‘पॉलिफनी’ सांगते. गणपतीच्या आरतीला पन्नास माणसे उभी असतात, पुरुष खालच्या सप्तकात आणि बायका-मुले वरच्या सप्तकात गातात, तरी चाल सगळ्यांची एकच असते. ख्रिस्ती मठांत गायल्या जाणाऱ्या ग्रेगोरियन चांटचेही तसेच आहे: कंठ वीस असले तरी ठरीव ठेक्याविना लॅटिन शब्दांच्या ओघाने जाणारी धून एकच. उलट, ऑर्गनवर बसलेला एकटा वादक दोन्ही हातांनी आणि पायांनी तीन स्वतंत्र चाली एकाच वेळी वाजवू शकतो, आणि तिथे वृंद नसूनही ती पॉलिफनीच असते.

मूळ ग्रीकात ‘पॉली’ म्हणजे अनेक आणि ‘फोने’ म्हणजे ध्वनी. त्यावरून ‘बहुस्वर’ हा शब्द सहज सुचतो, पण आपल्याकडे स्वर म्हणजे सा, रे, ग. त्या अर्थाने प्रत्येक रागच बहुस्वर ठरेल. ‘बहुधुनी’ म्हणावे, तर साधूची धुनी डोळ्यांपुढे येते. म्हणून मी ‘एकधुन गायन’ आणि ‘बहुधुन गायन’ ही जोडी सुचवेन. हा भेद धार्मिक-लौकिक असा नाही, हेही तिच्यामुळे नीट सांगता येते, कारण 12व्या शतकात दक्षिण फ्रान्समधील ट्रूबादूर कवींची प्रेमगीतेही चांटसारखीच एकधुन होती. (‘हार्मनी’ ही निराळी गोष्ट आहे. एकाच क्षणी उमटणाऱ्या स्वरांचे ते परस्परनाते असल्याने तिथे ‘स्वरसंवाद’ योग्य वाटतो.)

त्याच लेखात ‘टेनर’ हा शब्द आला, तर अधिक जपावे लागेल. आज टेनर म्हणजे पुरुषाचा उंच पट्टीचा आवाज, पण मूळ लॅटिन क्रियापद ‘तेनेरे’ म्हणजे धरून ठेवणे, आणि जुन्या रचनांत टेनर अक्षरशः तेच करतो. पॅरिसच्या नोत्र दाम या कॅथीड्रलचे बांधकाम 1163च्या सुमारास सुरू झाले आणि पुढच्या काही दशकांत लेओनँ आणि पेरोतँ या संगीतकारांच्या नावाशी जोडल्या गेलेल्या बहुधुन रचना तिथे घडल्या. पेरोतँची ‘विदेरुंत ओम्नेस’ ही चार आवाजांची रचना ऐकावी: सर्वांत खालचा आवाज ‘वि’ हे एकच अक्षर एकाच स्वरावर कितीतरी वेळ धरून ठेवतो आणि त्याच्यावर उरलेले तिघे लयीत एकमेकांना ओलांडत खेळतात. आपल्याला इथे तंबोरा आठवेल, पण तंबोऱ्याचे स्वर मैफलभर तेच राहतात, तर टेनर अत्यंत संथपणे का होईना, चांटची मूळ चालच पुढे नेत असतो. म्हणून अशा ठिकाणी ‘उंच पुरुषी आवाज’ हे भाषांतर चूक ठरेल. मी ‘आधारधून’ म्हणेन.

‘मोटेट’चे मूळ फ्रेंच ‘मो’ म्हणजे शब्द. नोत्र दामच्या अशा बहुधुन रचनांत वरचे आवाज एकेका अक्षरावर लांबलचक स्वरावली गात. त्या स्वरांना नवे शब्द जोडले, तेव्हा मोटेट जन्माला आला. हे शब्द सुरुवातीला लॅटिन असत, पण 13व्या शतकातच फ्रेंच शब्दही येऊ लागले, आणि तेही प्रेमाचे, वसंताचे. खाली चर्चमधील चांटचा तुकडा आणि वर एकाच वेळी दोन निरनिराळी फ्रेंच प्रेमगीते, अशी रचना ज्या प्रकारात सर्रास होते, त्याला ‘भक्तिगीत’ म्हटल्यास वरचे सगळे मजले वाचकाला दिसणारच नाहीत. 16व्या शतकातील इटालियन संगीतकार पालेस्त्रीनाचे मोटेट प्रामुख्याने धार्मिक आहेत, पण शतकागणिक प्रतिशब्द बदलण्यापेक्षा मूळ शब्द ठेवणे बरे. गोव्यात लेंटच्या, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या, दिवसांत चर्चमध्ये गायल्या जाणाऱ्या रचनांना कोकणीत आजही ‘मोतेत’च म्हणतात. मराठीतही ‘मोटेट’ तसाच ठेवावा आणि पहिल्या उल्लेखापाशी ‘बहुधुन गीतप्रकार’ एवढे जोडावे.