मेटलसाठी ख्रिस्ती गीते लिहू पाहणाऱ्यास

जालन्यात बॅण्ड उभारून ख्रिस्ती मेटल (जोरकस रॉक संगीत) गाण्याचा तुमचा बेत चांगला आहे. मात्र गिटारच्या गर्जनेइतकीच शब्दांची काळजी घ्या. बायबलमधील यशया 53:5 या वचनाशी आपले नाव जोडणाऱ्या स्ट्रायपर या अमेरिकन ख्रिस्ती मेटल बॅण्डने 1986 साली सैतानाला धुडकावणारा अल्बम काढला. ती जिद्द जरूर घ्यावी, पण नुसत्या घोषणांवर गाणे फार काळ तग धरत नाही. त्याच्या कितीतरी आधी, 1971 मध्ये, ज्यांना लोक सैतानाचे उपासक म्हणत त्या ब्लॅक सॅबथ या ब्रिटिश बॅण्डच्या ‘आफ्टर फॉरएव्हर’ या गीतामध्ये कॅथलिक घरात वाढलेल्या त्यांच्या गीतकार गीझर बटलरने आत्म्याच्या तारणाचा प्रश्न थेट श्रोत्यालाच विचारला होता, आणि माझ्या मते त्या गीताचे बळ उत्तरात नसून त्या प्रश्नातच आहे.

बायबलमधील स्तोत्र 88 सावकाश वाचा. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी आशेकडे वळतात, हे मात्र अंधारातच थांबते. तेव्हा आटलेल्या विहिरीच्या काठावर देवाशी भांडणारा शेतकरी गीतात आणणार असाल, तर शेवटच्या कडव्यात उगाच पाऊस पाडू नका. यमकासाठी ‘हालेलूया’ तर मुळीच नको (तो फार स्वस्त झाला आहे). घशातून गुरगुरत गाणार असाल, तर जोडाक्षरे गिळली जातात. म्हणून महत्त्वाच्या जागी ‘आ’, ‘ओ’ असे मोकळे स्वर असलेले शब्द ठेवा.