स्टुडिओचा प्रोग्रॅम उघडेना, तक्रार कुणावर?

मिरजेच्या एका वाचकाने विचारलं आहे: सतारमेकर गल्लीजवळ राहत्या घरातच छोटा स्टुडिओ आहे. भजनी मंडळांची, सतार-तंबोऱ्याची रेकॉर्डिंग मी स्वतः करतो, त्यावरच घर चालतं. सांगलीच्या एका दुकानातून 38,000 रुपयांना रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम घेतला. सात महिने चालला. विंडोज अपडेट झालं आणि उघडेनासा झाला. लोगो येतो, प्लगइन (मुख्य प्रोग्रॅमला जोडायचे छोटे पूरक प्रोग्रॅम) तपासल्याचं दिसतं, मग सगळं गायब. दुकानदार कंपनीकडे बोट दाखवतो, कंपनी त्याच त्या ई-मेलने बोळवण करते. मित्र म्हणतो, संगणक फॉरमॅट कर, क्रॅक, म्हणजे कुलूप तोडलेली बेकायदा प्रत, टाकून देतो. काय करू?

फॉरमॅट अजिबात करू नका. तुमचा पुरावा त्याच डिस्कवर आहे. आधी सगळी रेकॉर्डिंग बाहेरच्या ड्राइव्हवर कॉपी करा, मग विंडोजमधलं, बिघाडांची नोंद ठेवणारं इव्हेंट व्ह्यूअर उघडा. त्यातल्या ॲप्लिकेशनच्या नोंदींत प्रोग्रॅम कधी कोसळला ती वेळ असते, आणि कुठल्या फाइलपाशी कोसळला तिचं नावही असतं. ती नोंद सेव्ह करा, मोबाइलने फोटोही काढा.

तुमचा प्रोग्रॅम प्लगइन तपासतानाच बंद पडतो, म्हणून माझा पहिला संशय तिथे आहे. व्हीएसटी3 नावाच्या, प्लगइन ठेवायच्या फोल्डरमधले इतर कंपन्यांचे प्लगइन दुसरीकडे हलवा आणि प्रोग्रॅम सुरू करा. उघडला, तर एकेक परत ठेवत अडणारा शोधा. मग दुकानदारावरची तक्रार टिकणार नाही, पण त्याच संध्याकाळी तुमचं काम सुरू होईल, आणि मला तेच जास्त आवडेल. तरीही उघडला नाही, तर खोक्यावर किंवा बिलावर विंडोजची कोणती आवृत्ती चालेल असं छापलंय ते पाहा. तुमची आवृत्ती त्यात असेल, तर तुमची बाजू भक्कम आहे.

दुकानदार म्हणेल, हा धंद्यासाठी घेतला, हे ग्राहक नव्हेत. ते ऐकून खचू नका. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या व्याख्येतच स्पष्टीकरण आहे: केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची धरत नाहीत. पॅरामाउंट डिजिटल कलर लॅबच्या प्रकरणात फोटोचं यंत्र पोटापाण्यासाठी घेणाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये ग्राहकच मानलं. तुम्ही स्वतः त्या खुर्चीत बसून काम करता, हे तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात लिहा.

कंपनीचं ऑफिस कुठेही असो, तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, म्हणजे सांगलीत. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही. कारण घडल्यापासून 2 वर्षांत दाखल व्हायला हवं. लायसन्सच्या अटींत वाद लवादापुढेच न्या असं असलं, तरी तेवढ्याने आयोगाचं दार बंद होत नाही. मात्र परदेशी कंपनीकडून वसुली करणं किचकट असतं, म्हणून ज्याने पैसे घेऊन बिल दिलं त्या दुकानदाराला पहिला प्रतिपक्ष करा.

क्रॅकबद्दल मला काळजीने सांगावंसं वाटतं. कॉपीराइट कायद्याच्या 63ब कलमात, प्रत बेकायदा आहे हे माहीत असूनही ती संगणकावर वापरली, तर किमान 7 दिवस ते 3 वर्षे कैद आणि 50,000 ते 2 लाख दंड आहे. कमाईसाठी न वापरणाऱ्यांना कोर्ट सूट देऊ शकतं, पण तुमची तर कमाईच त्यावर आहे. शिवाय आज तुम्ही फसवले गेलेले ग्राहक आहात. उद्या समोरचा वकील तुम्हालाच आरोपीसारखं उभं करेल.

आता स्पीड पोस्टाने दुकानदार आणि कंपनी दोघांना नोटीस पाठवा: 15 दिवसांत चालणारी आवृत्ती द्या, नाहीतर 38,000 परत करा. नोटीस कायद्याने सक्तीची नाही, पण उत्तर न देणं पुढे त्यांच्याच अंगाशी येतं. दरम्यान 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद करा. कित्येकदा तेवढ्यानेच कंपनीचा माणूस फोन करतो. फोटो, ई-मेल दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र सोबत जोडा.

ज्या मंडळांनी काम दुसरीकडे नेलं, त्यांचे व्हॉट्सॲप निरोप पुसू नका. नुकसानभरपाईचा आकडा त्यांवरूनच काढायचा आहे.