हडंब्याच्या (मळणी यंत्राच्या) धुळीने बाबांना शिंका येतात, बीपीही आहे. सर्दीची कोणती गोळी चालेल?

तुम्ही लिहिलंय की सोयाबीन काढणीला आलं की बाबांना शिंका, नाकातून पाणी आणि रात्री नाक बंद. वय बासष्ट, बीपीची गोळी चालू. गावातल्या दुकानातून आणलेली ‘सर्दीची गोळी’ खाल्ली की दिवसभर गुंगी. माझं यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी मेडिकल आहे. दसरा जवळ आला की काउंटरवर रोज हीच तक्रार येते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी त्या गोळीचा पत्ता उलटा करून मागचं वाचा. बहुतेक तीन नावं दिसतील: पॅरासिटामॉल, क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन. पहिलं ताप-अंगदुखीचं. बाबांना ताप नाही, म्हणजे ते उगाच पोटात जातं. वरून कोणी अंग दुखतं म्हणून तापाची गोळी दिली, की तेच औषध दुप्पट होतं, आणि घरात कोणाच्या लक्षातही येत नाही.

गुंगी येते ती क्लोरफेनिरामाइनमुळे. शिंका आणि पाणी थांबवणारं हे जुनं औषध, पण ते मेंदूपर्यंत पोचतं. आपल्याकडे ‘झोप आली म्हणजे गोळी लागली’ असा समज आहे. लोक येऊन सांगतात, “ताई, जोरदार गोळी द्या, सकाळी हडंबा लावाचा हाय.” मी नेमकी तीच देत नाही. हडंब्याच्या तोंडाशी पेंढ्या सारणाऱ्या माणसाला डुलकी लागली तर काय होतं, हे आपल्या भागात कोणाला सांगायला नको. ट्रॅक्टरचंही तेच. संध्याकाळी थोडी घ्यायची सवय असेल तर गुंगी आणखी वाढते. शिवाय साठीनंतर ज्यांना प्रोस्टेटमुळे लघवीला जोर करावा लागतो, त्यांची लघवी या औषधाने तुंबू शकते. काचबिंदूच्या काही रुग्णांनाही ते चालत नाही.

तिसरं फेनिलेफ्रिन. नाकातल्या रक्तवाहिन्या आकसून नाक मोकळं करायचं, हे त्याचं काम. पण गोळी गिळल्यावर त्यातलं बरंचसं आतडं आणि यकृतातच निकामी होतं, नाकापर्यंत फारसं पोचत नाही. सप्टेंबर 2023 मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेच्या सल्लागार समितीतल्या सगळ्या 16 सदस्यांनी, तोंडावाटे नेहमीच्या मात्रेत याचा बंद नाकावर उपयोग दिसत नाही असं मत दिलं. त्यानंतर नोव्हेंबर 2024 मध्ये एफडीएने ते तिथल्या विनाचिठ्ठीच्या गोळ्यांतून काढायचा प्रस्ताव मांडला. आपल्याकडे मात्र ते सर्दीच्या पुष्कळ गोळ्यांत आहे. बीपीच्या माणसाने रक्तवाहिन्या आकसणारं औषध जपूनच घ्यायचं असतं, आणि इथे तर फायद्याचीही खात्री नाही.

नाकात टाकायचे थेंब, ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिनचे, खरंच काम करतात. पाच-दहा मिनिटांत नाक मोकळं. म्हणूनच ते सुटत नाहीत. तीन दिवस वापरा, फार तर पाच. त्यापुढे थेंबांचा असर उतरला की नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं, माणूस पुन्हा थेंब टाकतो आणि हे चक्र महिनोन्‌महिने चालतं. खिशात बाटली घेऊन फिरणारी गिऱ्हाइकं माझ्याकडेही आहेत. बीपी असल्यामुळे बाबांनी हे थेंब डॉक्टरांना विचारूनच टाकावेत.

मग काय घ्यावं? शिंका, खाज, पाणी यांवर फक्त ॲलर्जीचंच औषध असलेली गोळी: सेटिरिझिन 10 मिलिग्रॅम किंवा लिव्होसेटिरिझिन 5 मिलिग्रॅम, रात्री एक. स्वस्त असते. काहींना हिनेही झोप येते, म्हणून पहिली गोळी दुसऱ्या दिवशी हडंब्यावर जायचं नसेल तेव्हा घेऊन बघा. सकाळी जडपणा राहिला तर फेक्सोफेनाडिन. तिने गुंगी सगळ्यात कमी. ती पाण्यासोबत घ्यायची, फळांच्या रसासोबत नाही, आणि ॲसिडिटीचं पातळ औषध चालू असेल तर दोन्हींत अंतर ठेवायचं. किडनीचा त्रास असेल तर यातली कोणतीही गोळी डॉक्टरांना विचारूनच, कारण मात्रा कमी करावी लागते.

बंद नाकावर मात्र या गोळ्या जेमतेमच चालतात. तिथे खरा उपयोग नाकात मारायच्या स्टेरॉइड स्प्रेचा, म्हणजे फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोन. स्टेरॉइड म्हटलं की लोक दचकतात. पण यात मात्रा अगदी कमी असते आणि औषध मुख्यतः नाकापुरतंच राहतं. अडचण एवढीच की असर दिसायला काही दिवस लागतात. म्हणून काढणीच्या आठ-पंधरा दिवस आधी डॉक्टरांना दाखवून सुरू करावा, तूर निघेपर्यंतची तजवीज तेव्हाच होते. स्प्रे मारताना नळीचं तोंड मधल्या पडद्याकडे नको, बाहेरच्या बाजूला.

दुपट्टा नाकाला बांधल्याने बारीक धूळ अडत नाही, एन-95 मास्क घ्या. वारा पाठीवर घेऊन उभं राहायचं आणि घरी आल्यावर कपडे बदलून तोंड-नाक धुवायचं.

फवारणी करून आल्यावर नाक-डोळ्यांतून पाणी, तोंडाला लाळ, घाम, मळमळ, अंधुक दिसणं असं सुरू झालं तर ती सर्दी समजू नका. कीटकनाशकाची विषबाधा अशीच सुरू होऊ शकते. 2017 साली आपल्याच जिल्ह्यात कापसावरच्या फवारणीने वीसेक माणसं दगावली. अशा वेळी गोळी शोधत बसू नका. कपडे काढून अंग साबणाने धुवा आणि फवारणीच्या औषधाचा डबा सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा.

बाबांच्या पत्त्यातली अर्धी गोळी नातवाला, असंही करू नका. क्लोरफेनिरामाइन-फेनिलेफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, अशी सूचना औषधावर छापायला केंद्रीय औषध नियंत्रकांनी 2023 मध्येच सांगितलंय.

आणि बाबांच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत असेल, किंवा रात्री दम लागून उठून बसावं लागत असेल, तर तो दमा असू शकतो. तो या गोळ्यांनी आवरत नाही, प्राथमिक आरोग्य केंद्रात छाती तपासून घ्या.